बाटली कुणाच्या नावाची

बाडू काळं नेसून आला तेव्हाच मला कळलं, आजचा दिवस सरळ जायचा नाही.

मोकळीकीला, म्हणजे शिकाऊ मास्टर होतो त्या दिवशी, पांढरं नेसतात. मी पांढरं नेसले होते. माझी लेक फ्रिमा पांढरं नेसली होती. शेडमधल्या तेलकट पोरांनीसुद्धा कुठून कुठून पांढरे सदरे पैदा केले होते. आणि आमच्या कुळाचा मुखिया, माझा पाठचा भाऊ, काळं कापड खांद्यावर टाकून ट्रोट्रोतून, त्या भाड्याच्या मिनीबसमधून, उतरला. जसं काही माझ्या नातीला, डुफीला पुरायचंच होतं.

"शनिवार आहे, अक्का," तो म्हणाला. "इथून तसाच मातीला जायचंय. दोनदा कपडे बदलायला मी काय नवरी आहे?"

"नवरी असतास तर वेळेवर तरी आला असतास."

तो हसला नाही. माझ्या डोळ्याला डोळाही दिला नाही. सरळ आत गेला आणि मास्टर अत्ताच्या शेजारच्या खुर्चीत बसला. आमच्या बाजूच्या पाच खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी तिकडे.

त्या शेडचा एकेक पत्रा मला पाठ आहे. माझ्या नवऱ्याने ती उभी केली, आणि तिच्या दारात तीस वर्षं मी भात-चवळी विकली. मॅगझिनमध्ये, गॅरेजांच्या या वस्तीत, असा मिस्त्री नाही ज्याने माझ्या हातचं खाऊन ओठ पुसले नाहीत. नवरा गेला तेव्हा शेड त्याच्या बहिणीच्या मुलाला गेली, या अत्ताला. आमच्यात बापाचं पोरांना मिळत नाही, भाच्याला मिळतं. माझ्या पोरांच्या वाट्याला त्या शेडचा एक खिळा आला नाही. मी ब्र काढला नाही. रीत ती रीत. पण रीतीने घेणाऱ्याने रीतीने द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि द्यायचं काय होतं? डब्यातली पावडर. फ्रिमाची मुलगी डुफी अत्ताच्या हाताखाली चार वर्षं गिअरबॉक्स शिकली. आज तिला खुर्चीवर बसवायचं, मास्टरने तीनदा डोक्यावर पावडर ओतायची, तीनदा म्हणायचं, "जा, तू मोकळी." त्यानंतर ती मास्टर. पावडर पडली नाही तर हातात कितीही कसब असो, मॅगझिनमध्ये तिला बेअरिंगवाली शब्दावर बेअरिंग देणार नाही, शेजारचा जॅक देणार नाही, आणि कुठलीच आई आपलं लेकरू तिच्या हाताखाली घालणार नाही.

शिवाय अर्जाचा शेवटचा दिवस, सोमवार, तोंडावर होता. महापालिका नव्या बस-आगाराशेजारी सहा गाळे वाटणार होती, शहरातल्या तरुण कारागिरांना. त्यातला एक बाईसाठी. माझा मुलगा येबोआ त्याच कचेरीत काम करतो, पोरांना कामाला लावायच्या कचेरीत. त्यानेच अर्ज आणला होता. महापालिकेची परीक्षा डुफी पास झालेली होती. आता मास्टरचं मोकळीकीचं पत्र तेवढं लागायचं. पावडर पडली की अत्ता सही करणार, सोमवारी अर्ज जाणार. फ्रिमा पहाटेपासून फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होती. बकऱ्याचा रस्सा उकळत होता.

डुफी कुठे होती? बाहेर रस्त्यावर, एका ट्रोट्रोखाली. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून.

"आज तरी?" मी वाकून म्हटलं.

"आजी, याचा तिसरा गिअर पडत नाहीये आणि त्याला एजुराला जायचंय," खालून आवाज आला. "तोवर तू त्या लोकांना बसव."

गिअरबॉक्स उघडायच्या आधी ती त्याला कान लावते आणि कुठला दात झिजलाय ते सांगते. चालक हसतात. मग झाकण निघतं आणि गप्प होतात.

*

सगळे जमले. शेजारचे मास्टर आले, रेडिएटरवाला, कमानपाट्यावाला, तो सतत खोकणारा वेल्डर. सुट्या भागांच्या दुकानातल्या बाया आल्या आणि पुढे बसल्या. डुफी हात पुसत आली, खुर्चीवर बसली. फ्रिमाने पावडरचा नवा डबा अत्तासमोर ठेवला. मी आभाराची दारूची बाटली ठेवली, हिरवी, सीलबंद.

अत्ताने डब्याला हात लावला नाही.

"मामी," तो म्हणाला, "ही बाटली कशाची?"

"चार वर्षं माझी नात सांभाळलीस त्याची."

"मग प्रवेशाची कुठंय?"

"प्रवेशाची चार वर्षांपूर्वी दिली. बाडू स्वतः घेऊन आला होता."

"आणली होती. कुणाच्या नावाची?"

मी बाडूकडे पाहिलं. बाडू छताकडे बघत होता. तिथे काही नव्हतं, पत्राच होता.

"हिच्या भावाच्या, मेन्साच्या नावाची," अत्ता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मुखियाने याच जागी बाटली ठेवली आणि म्हणाले, हा आमचा मेन्सा, याला माणूस कर. मी घोट घेतला, पितरांना थेंब दिला. मेन्सा सहा आठवडे राहिला आणि तेमाच्या बंदराला पळाला. ठीक आहे, पळतात पोरं. पण माझ्या शेडमध्ये आत आला तो मेन्सा. त्याला आणा, आत्ता मोकळा करतो."

कुणीतरी हसलं. वेल्डर असावा. मग खोकला.

"आणि ही?" मी विचारलं.

"ही मेन्साचा डबा घेऊन यायची. एक दिवस तो नव्हता, हिने त्याचा पाना उचलला. मी नको म्हटलं नाही. माझं मन मोठं. पण मामी, जी आत आलीच नाही तिला मी बाहेर कशी काढू?"

*

आता खरं सांगायचं तर त्यात आमची चूक होती, आणि ती माझ्या घरातच शिजली होती.

मेन्सा पळाला तेव्हा फ्रिमा तिच्या मामाकडे गेली होती. तिनेच मला नंतर सांगितलं. बाडूच्या ओसरीवर उभी राहून ती म्हणाली, "मामा, डुफी रोज तिथे जाते. दुसरी बाटली न्यायला हवी, तिच्या नावाची." आणि बाडू म्हणाला, "पोरीच्या नावाची? दोन महिन्यांत कंटाळेल, केस विणायला जाईल. बाटली काय झाडाला लागते?"

फ्रिमा गप्प बसली. तिला मनातून तेच हवं होतं. पोरगी केस विणायला जावी, नखं स्वच्छ राहावीत, चर्चमध्ये कुणी विचारलं तर सांगताना जीभ अडखळू नये. चार वर्षं ती शेजारणींना सांगायची, "डुफी मॅगझिनला असते." काय करते ते सांगायची नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, हिशेब बघते किंवा भात विकते, आजीसारखी.

आणि मी? मला ठाऊक होतं की दुसरी बाटली गेली नाही. मीही म्हटलं, बघू. एवढ्या जगाला शहाणपण वाटणारी मी, माझ्या घरच्या पोरीसाठी "बघू" म्हणाले. ते "बघू" आता सगळ्या मॅगझिनसमोर उघडं पडलं होतं.

*

अत्ताचंही सांगते, कारण मी टोमॅटोही विकते, त्याची बायको ते माझ्याकडूनच नेते आणि टोमॅटो निवडताना बायकांचं तोंड आपोआप चालतं.

गुरुवारी अत्ता दुकानात पट्टा आणायला गेला. तिथे दोन चालक बोलत होते. एक म्हणाला, "अत्ताकडे कशाला, ती पोरगी आता सरकारी पास झालीय. सोमवारनंतर तिचाच गाळा शोध." अत्ता पट्टा न घेता परत आला. जेवला नाही. बायकोला म्हणाला, "माझ्या मामाने मला नऊ वर्षांनी मोकळं केलं. नऊ! हिला एका कागदाने दोन तासांत केलं. परीक्षेला बसताना मला विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता का?" बायकोने विचारलं.

"नसतो म्हणालो."

"मग तिने बरं केलं."

त्यावर तो जो बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही. माणूस वाईट नाही अत्ता. पण शेडमध्ये येणाऱ्या दहा गाड्यांपैकी सहा डुफीच्या नावाने येतात, हे त्याला ठाऊक होतं. उत्तम शिकाऊ म्हणजे मास्टरच्या पायाखालची जमीन. ती हलली की माणूस जे हाताला लागेल ते धरतो. त्याच्या हाताला मेन्साची बाटली लागली.

*

येबोआ उठला. त्याच्या गळ्यात कचेरीच्या ओळखपत्राचा पट्टा होता, शनिवारीसुद्धा.

"मास्टर, तुमचा मान आम्हाला आहे," तो म्हणाला. "पण आता शहर बदललंय. परीक्षा झाली, कौशल्य सिद्ध झालं. पावडर हा एक... एक भाग झाला. साहेबांना सांगून मी पत्राची अट सोडवून घेतो."

"सोडवून घे की!" अत्ता म्हणाला. "पावडर नकोच असेल तर मला कशाला बसवलंत इथे? मी पण मातीला गेलो असतो, मुखियांबरोबर."

"तसं नाही म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचंय. तू कधी बोल्ट पिळलायस, येबोआ? गळ्यात पट्टा घालून माणूस कारागीर होत नाही. आमच्याकडे पट्टा इंजिनाला असतो."

सगळी शेड हसली. माझा मुलगा कानापर्यंत तापला. मला त्याची कीव आली आणि रागही आला, कारण बाजू बरोबर असून तो बोलत चुकीचं होता. पावडर म्हणजे काहीच नाही असं ज्या मॅगझिनला सांगायचं, त्या मॅगझिननेच उद्या डुफीला गिऱ्हाईक द्यायचं.

बाडू घसा खाकरत पुढे झाला. "मास्टर बरोबर बोलतोय. रीत मोडून चालत नाही. कोंबडीलाही पहाट कळते, पण ती कोंबड्याच्या तोंडाकडे बघते. अक्का, तूच लहानपणी मला हे शिकवलंस."

"शिकवलं. पण ज्या घरात कोंबडा आदल्या दिवशी रश्श्यात गेला, तिथे पहाट थांबते का रे?"

"अक्का, चारचौघांत..."

"चारचौघांतच. तू त्या खुर्चीत का बसलास?"

त्याने कापड सावरलं. तेवढ्यात डुफी खुर्चीवरून उठली.

तिचा आवाज माझ्यासारखा नाही, बारीक आहे. गाडीखालून बोलायची सवय, जास्त जोर लावत नाही. "मास्टर, मी चार वर्षं इथे काय केलं?"

"काम."

"कुणाचं?"

"माझं. दुसऱ्या कुणाचं?"

"ती निळी बस, तीन मिस्त्रींनी सोडलेली, ती कुणी उठवली?"

"तू. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग मी कोण?"

अत्ताने डबा लांब सरकवला. त्याला उत्तर देताना बरं वाटत नव्हतं, ते मी पाहिलं. तरी दिलं.

"मेन्साची बहीण," तो म्हणाला.

बायांच्या रांगेतून "अरे रे" असा आवाज निघाला.  डुफीने हात पुन्हा पुसले, स्वच्छच होते तरी.

*

अत्ताला वाटलं आता आपण थोडं सैल सोडावं. "मी वैरी नाही," तो म्हणाला. "बाटली समोर आहे. आज प्रवेशाची म्हणून द्या, डुफीच्या नावाची. मी घेतो. आजपासून तीन वर्षं. मग वाजतगाजत मोकळी करीन. स्वतः बकरा कापीन."

"झालं!" बाडू म्हणाला. "तोडगा निघाला. तीन वर्षं काय, हां हां म्हणता जातात. देऊन टाक, अक्का."

"आणि सोमवार?" येबोआने विचारलं.

"पुढे येतील की दुसरे गाळे."

"मामा, पुढे नाही येत. ही योजना एकदाच आहे. एक गाळा आहे बाईसाठी."

"मग ज्या बाईच्या नशिबात असेल तिला मिळेल."

आता फ्रिमा. ती पातेल्याजवळ उभी होती, हातात रश्श्याचा पळा. मला वाटलं ती हो म्हणणार. तिलाच विचारा, तिलाही तसंच वाटत होतं. आणखी तीन वर्षं, तोवर पोरीचं लग्न होईल, हे खूळ जाईल. "हो" शब्द तिच्या जिभेवर आला होता, असं तिने स्वतः मला सांगितलं. मग तिने डुफीच्या हातांकडे पाहिलं, त्या पुसणाऱ्या हातांकडे. आणि तिला आठवलं की गेल्या पावसाळ्यात डॉक्टरकडे तिला न्यायला जी गाडी आली, तिच्या चालकाने भाडं घ्यायला नकार दिला होता. "डुफीच्या आईकडून?" म्हणाला होता. त्या दिवशी फ्रिमाला पहिल्यांदा आपल्या पोरीच्या नावाने कुणी ओळखलं होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"नाही," फ्रिमा म्हणाली.

"तू मध्ये पडू नको," बाडू म्हणाला.

"मामा, चार वर्षांपूर्वी तुमच्या ओसरीवर मी मध्येच पडायला हवं होतं. माझी मुलगी मॅगझिनमध्ये गिअरबॉक्स बनवते. ऐकलंत सगळ्यांनी? गिअरबॉक्स! आणि तीन वर्षं काय, ती तीन दिवस पुन्हा शिकाऊ बसणार नाही."

पळ्यातून रस्सा गळत होता तिच्या पांढऱ्या कपड्यावर. तिला कळतही नव्हतं.

अत्ता चिडला. चिडलेला माणूस खरं बोलतो, ती एक सोय आहे. "मला का बोलता? तुमच्या मुखियांनाच विचारा! मी तेव्हाच म्हटलं होतं, दुसरी बाटली आणा. तेच म्हणाले, पोरगी काय, पळेल, बाटली कशाला वाया घालवायची. आणि परवा मी घरी गेलो विचारायला, तर म्हणाले, अडव, मी तुझ्या बाजूने बसतो, घरातल्या बायका फार वर चढल्यात."

सगळी शेड बाडूकडे वळली. 

बाडूचा चेहरा त्याच्या कापडासारखा झाला. माझा भाऊ आहे तो. पाठीवर घेऊन मी त्याला नदीवर नेलेलं आहे. शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या, चांगल्या निवडक. पण त्याच्याकडे बघून मी त्या गिळल्या. चारचौघांत एक माणूस पडला की पुरे, पडलेल्यावर पुढचा घाव घालायचा नसतो.

मी येबोआकडे वळले. "तो अर्ज काढ."

"आई, त्यात काही नाही, पत्राशिवाय..."

"काढ म्हटलं ना. आणि वाच. सगळं वाच, तुझ्या मनाला येईल तेवढं नको."

त्याने वाचलं. नाव, पत्ता, परीक्षेचा क्रमांक. मग हे आलं: अर्जदाराने मास्टरचं मोकळीकीचं पत्र जोडावं, किंवा अर्जदार स्वतः मास्टर म्हणून शिकाऊ घेत असल्याचा पुरावा जोडावा, कुळाच्या प्रमुखाच्या आणि दोन साक्षीदारांच्या सहीने.

"पुन्हा वाच. ते 'किंवा'पासून."

त्याने पुन्हा वाचलं. "ते जुन्या मास्टरांसाठी आहे, आई. ज्यांचे मास्टर वारले, पत्र कोण देणार, अशांसाठी."

"असं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, पण..."

"मग मास्टर कोण, हे कसं ठरतं?" मी शेडकडे वळून विचारलं. "तुम्ही सांगा, खोकणारे. अत्ता, तू सांग. पावडर ओतल्याने मास्टर होतो की बाटली घेतल्याने?"

"पावडरने मोकळा होतो," रेडिएटरवाला हळूच म्हणाला. म्हातारा आहे, त्याला सगळं ठाऊक असतं. "मास्टर होतो तो पहिली प्रवेशाची बाटली घेतो तेव्हा. पावडर पडूनही ज्याच्याकडे कुणी पोर घातलं नाही, त्याला आम्ही जन्मभर फिटरच म्हणतो. आणि दुसरी गोष्टही पाहिलीय मी. जुन्या काळी, पावडर न पडलेल्याकडे एका बाईने पोर घातलं. मॅगझिनला मानावं लागलं."

"पण हिच्याकडे कोण पोर घालणार?" अत्ता म्हणाला. "आणा. आहे कोण इथे?"

त्याने बायांच्या रांगेकडे पाहिलं. बाया आपापल्या हातांकडे बघू लागल्या. त्यांना दोष देत नाही मी. आपलं लेकरू वादात कोण घालेल? डुफीनेही त्या रांगेकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. सकाळपासून पहिल्यांदा मला ती लहान दिसली.

मी समोरची हिरवी बाटली उचलली. उचलली आणि चालत पत्र्याबाहेर गेले, उन्हात, त्या उघड्या पडलेल्या गिअरबॉक्सजवळ. पत्र्याची सावली संपते तिथे अत्ताचं राज्य संपतं. तिथून पुढे रस्ता, आणि रस्ता शहराचा.

"डुफी, ती खुर्ची घेऊन इकडे ये."

ती आली. तिला काही कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं.

"बस. येबोआ, शिकाऊला वयाची अट आहे का रे तुमच्यात?"

"अर्जदाराला आहे. शिकाऊला..." त्याने कागद उलटा केला, सुलटा केला. "शिकाऊला लिहिलेली नाही. कुणाला वाटलंच नसणार..." मग तो थांबला. माझ्याकडे बघायला लागला. "आई. नाही."

"का नाही? मला हात नाहीत?"

"आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस!"

"मग लवकर लिही."

आधी बेअरिंगवाली हसली. मग सगळी रांग. मग पोरं. पण मी हसत नव्हते, आणि ते हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. ज्या शेडला मी तीस वर्षं जेवू घातलं, तिच्या दारात मी माझ्या नातीपुढे शिकाऊ म्हणून उभी होते. यात लाज असलीच तर ती माझ्या वाट्याची नव्हती.

"मामी, हा खेळ आहे," अत्ता म्हणाला.

"मेन्सा सहा आठवडे राहिला तो खेळ नव्हता? मी त्याच्यापेक्षा जास्त दिवस टिकेन. पैज लाव."

एक अडचण होती. बाटली शिकाऊने स्वतः द्यायची नसते. कुळाच्या मुखियाने द्यायची असते, नाव घेऊन. हे मला ठाऊक होतं, अत्ताला होतं, आणि आत खुर्चीत काळं कापड सावरत बसलेल्या माणसालाही होतं.

मी हाक मारली नाही. बाटली हातात घेऊन उन्हात उभी राहिले. गुडघे दुखत होते.

बाडूच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते तो कधीच बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. मी एवढंच पाहिलं की तो खूप वेळ अत्ताशेजारी बसून होता, आणि अत्ता त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होता, आणि त्याने हाताने माशी हाकलावी तसं ते हाकललं. मग उठला. सावली ओलांडून आला. काळ्या कापडात तो उन्हात फार म्हातारा दिसत होता.

"दे इकडे," तो म्हणाला.

मी बाटली दिली. त्याने कापड खांद्यावरून कमरेपर्यंत उतरवलं, मोठ्यांपुढे उतरवतात तसं. डुफीपुढे! बाया हसायच्या थांबल्या.

"मास्टर डुफी," तो म्हणाला. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्याने. "मास्टर डुफी, ही आमच्या कुळाची बाटली. आम्ही ही एकदा चुकीच्या नावाने दिली होती. आज बरोबर नावाने देतोय. ही आमची टीवा, माझी थोरली बहीण. अडेलतट्टू आहे, तोंडाळ आहे, वय झालंय. हिला... हिला काहीतरी शिकव. मला तर आजवर जमलं नाही."

डुफीने दोन्ही हातांनी बाटली घेतली.  सील फोडलं. जमिनीवर थेंब दिला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. रेडिएटरवाला म्हणाला, "मी पाहिलं." बेअरिंगवाली म्हणाली, "मीही पाहिलं, आणि मला सही येते." येबोआ बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होता. शिक्षण या रकान्याशी अडला, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच "दुसरी" असं लिहिलं. मी पहिलीच केली होती, पण आता सरकारी कागदावर मुलाला खोटं कशाला पाडा.

बाडूने सही केली. मातीला उशीर झाला होता, तरी रस्सा खायला थांबला.

अत्ताने डबा उघडला नाही. न उघडो. सावलीच्या कडेपर्यंत आला आणि तिथे उभा राहिला, पावडरचा डबा काखेत धरून.

डुफी खुर्चीतून उठली. झगा खोचला, उघड्या गिअरबॉक्सकडे गेली, मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं.

"पहिल्या दिवशी शिकाऊ काय करतो?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस, डुफी, मी तीस वर्षं इथे..."

"मास्टर."

"काय?"

"मास्टर डुफी."

सगळं मॅगझिन कान देऊन होतं.

"मास्टर डुफी," मी म्हटलं.

तिने पायाने डिझेलचं ताट माझ्याकडे सरकवलं. त्यात पंधरा-वीस काळेकुट्ट बोल्ट बुडालेले होते. चालक बिचारा एजुराला जायला खोळंबला होता. मी बसले. नवं पांढरं, एकदाही न धुतलेलं, चिखलात टेकलं.

"मामी," सावलीतून अत्ता म्हणाला, "कापड खराब होईल."

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर होतं. असं उत्तर, की त्याच्या नातवंडांनी एकमेकांना सांगितलं असतं. मी तोंड उघडलं.

"काम करताना बोलायचं नाही," डुफी गाडीखालून म्हणाली.

मी तोंड मिटलं आणि पहिला बोल्ट घासायला घेतला.